जुनी पॉवरबोट घेताना: आधी इंजिन, मग सुट्या भागांची यादी, मग बोट

जुन्या पॉवरबोटीच्या जाहिरातीत गाद्यांचे फोटो भरपूर असतात, डॅशबोर्डचे असतात, आणि मावळतीच्या पाण्यावर उभ्या बोटीचा एक तर हमखास असतो. इंजिनाचा फोटो असलाच तर एखादा, तोही झाकण लावलेला. दोष एकट्या विकणाऱ्याचा नाही, घेणारेही तेच बघतात. पण फाटलेली गादी शिवून मिळते, फिका पडलेला रंग पॉलिशने सावरतो. इंजिन गेलं तर मात्र बऱ्याच जुन्या बोटींच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीच्या वर जातो आणि बोट ताडपत्रीखाली पडून राहते.

‘कुठलं इंजिन चांगलं?’ हा नवख्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो अर्धाच प्रश्न आहे. पाण्यावर चालणारं प्रत्येक इंजिन कधी ना कधी काम काढतंच. तेव्हा भाग मिळेल का, किती दिवसांत, केवढ्याला, आणि तो बसवणारा माणूस सापडेल का, हा उरलेला अर्धा. ज्याची दुखणी मेकॅनिक लोकांना तोंडपाठ आहेत आणि ज्याचे भाग सहज मिळतात, असं साधं इंजिन मी केव्हाही घेईन. क्वचितच बिघडणारं, पण एका पंपासाठी अख्खा हंगाम बसवून ठेवणारं नको.

पायरी १: इंजिनाची नेमकी ओळख

बोट बघायला जाण्याआधीच इंजिनावरच्या पाटीचा स्पष्ट फोटो मागवा. त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर दिसले पाहिजेत. ‘दीडशे अश्वशक्तीची यामाहा आहे’ एवढ्यावर भागत नाही. एकाच कंपनीच्या एकाच ताकदीच्या दोन इंजिनांत एक टू-स्ट्रोक, एक फोर-स्ट्रोक असू शकतं, आणि त्यांचे भाग एकमेकांना लागत नाहीत.

बोटीचं वर्ष तेच इंजिनाचं वर्ष, असंही धरून चालू नका. बोटीचा नंबर मागच्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, उजव्या बाजूला कोरलेला असतो. १९८४ नंतर अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या बोटींत त्याचे शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. इंजिन नंतर बदललेलं असेल तर ते नवं बसलंय की जुनंच कुठून आणून लावलंय, हे सिरियल नंबरवरून कळतं.

आता प्रकार. आउटबोर्ड म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन. त्याच्याभोवती हात फिरवायला जागा असते, अगदीच गेलं तर उतरवून दुसरं लावता येतं, त्यामुळे नवख्याला हेच सोपं. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असतं आणि गिअरचा पाय मागे बाहेर. इंजिन बहुधा गाडीच्या घराण्यातलं असल्याने त्याचे आतले भाग स्वस्त पडतात, पण त्या बाहेरच्या पायाचा आणि रबरी जोडांचा खर्च वेगळा असतो. इनबोर्डमध्ये सरळ शाफ्ट. गुंतागुंत कमी, पण इंजिनापर्यंत पोचायला काही बोटींत फरशी उचकटावी लागते, आणि मग भागापेक्षा मजुरीच जास्त होते.

पायरी २: कंपनी आहे की गेली?

जुन्या इंजिनाच्या बाबतीत हा तपास विश्वासार्हतेच्या गप्पांइतकाच महत्त्वाचा आहे. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, म्हणजेच ओएमसी, डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. नावं बॉम्बार्डिएने घेतली, पुढे बीआरपीने एव्हिनरूड चालवलं, आणि २०२० मध्ये तेही उत्पादन बंद झालं. म्हणून एव्हिनरूड घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. ओएमसीच्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनांचे भाग इतर कंपन्या अजून बनवतात. पण एव्हिनरूडच्या ई-टेकसारख्या, इंजेक्टरने इंधन फवारणाऱ्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टरची स्वतःची जुळणीची फाइल असते आणि ती इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये भरावी लागते. म्हणजे भाग मिळून भागत नाही, ते सॉफ्टवेअर आणि ते वापरता येणारा माणूसही लागतो. असा माणूस आसपास आहे का, हे आधी विचारा.

ओएमसीच्या स्टर्नड्राइव्हची गोष्ट जास्त कठीण आहे. ड्राइव्ह म्हणजे तो मागचा गिअरचा पाय. १९८६ पासून काही वर्षं निघालेली कोब्रा ड्राइव्ह आणि तिच्याही आधीची स्ट्रिंगर ड्राइव्ह, या दोन्हींत इंजिन जनरल मोटर्स किंवा फोर्डचं, म्हणून त्याचे भाग सापडतात, पण ड्राइव्हचे सापडतीलच असं नाही. अशी बोट फार स्वस्त दिसते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा प्रकार इथे अगदी शब्दशः घडतो.

मर्क्रूझर म्हणजे मर्क्युरीची आतली इंजिनं. तिची ३.० लिटर चार सिलिंडर, ४.३ लिटर व्ही-६ आणि ५.७ लिटर व्ही-८ ही इंजिनं जनरल मोटर्सच्या ब्लॉकवर आधारलेली आणि अमाप खपलेली. त्यांचे गास्केट, पिस्टन, बेअरिंग कुठल्याही चांगल्या दुकानातून मागवता येतात. त्याच मर्क्रूझरचं ३.७ लिटरचं, ४७० नावाने ओळखलं जाणारं इंजिन मात्र कंपनीने स्वतः ओतलेल्या ॲल्युमिनियम ब्लॉकवर होतं. नाव एकच, भागांच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक. व्होल्व्हो पेंटाची ड्राइव्ह चांगली, दोन उलट फिरणाऱ्या पंख्यांची ड्युओप्रॉप तर १९८२ पासून नावाजलेली, पण भागांचे भाव बघून मग प्रेमात पडा. दोन पंखे म्हणजे खडकावर आपटल्यावर बिलही दोघांचं.

काही इंजिनं वेगळ्या नावाने विकली गेली, आणि इथे उलट फायदा होतो. निस्सानच्या नावाची आउटबोर्ड तोहात्सूने बनवलेली होती. २००० नंतरच्या दशकातली बरीचशी फोर-स्ट्रोक जॉन्सन मुळात सुझुकी होती. असं इंजिन नावामुळे कमी भावात मिळालं, तरी भाग खऱ्या निर्मात्याच्या नंबराने शोधता येतात.

नामवंत कंपनीचंही प्रत्येक मॉडेल सारखं नसतं. यामाहाच्या २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या ३.३ लिटर व्ही-६ फोर-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टचा भाग आतून गंजल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की प्रकरण अमेरिकेत न्यायालयात गेलं. पहिल्या पिढीचं तंत्रज्ञान असेल तर नेहमी जास्त चौकशी करावी. ओएमसीचं फिक्ट इंजेक्शन, मर्क्युरीचं ऑप्टिमॅक्स ही दोन्ही इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी टू-स्ट्रोक. दोन्हींची सुरुवातीची वर्षं त्रासाची आणि नंतरची बरी, असंच मेकॅनिक सांगतात.

पायरी ३: भागांची यादी करा, बोट बघायच्या आधी

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. एक संध्याकाळ द्या. सिरियल नंबर टाकला की बहुतेक कंपन्यांच्या पार्ट कॅटलॉगमध्ये इंजिनाची सुटी चित्रं उघडतात. त्यातून नंबर काढून पुढच्या भागांचे भाव लिहा: इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) आणि पाण्याच्या पंपाचा संच, थर्मोस्टॅट, स्टार्टर, हाय-प्रेशर फ्युएल पंप, एक इंजेक्टर किंवा कार्ब्युरेटरचा संच, इग्निशन कॉइल, ट्रिमचा (इंजिनाचा पाय वरखाली करणारा) मोटर-पंप, इंजिनाचा कॉम्प्युटर, अख्खी गिअरकेस, प्रोपेलर. स्टर्नड्राइव्ह असेल तर रबरी बेलोज (ड्राइव्हच्या जोडावरची घड्यांची नळी), गिंबल बेअरिंग (ड्राइव्हच्या शाफ्टला आधार देणारं), एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा ओतीव भाग) आणि रायझरही (तो धूर पुढे नेणारा बाक) जोडा. व्ही-६, व्ही-८ ला मॅनिफोल्ड दोन आणि रायझर दोन, हे विसरू नका.

प्रत्येकापुढे तीन रकाने करा: कंपनीचा भाव, बाहेरच्या निर्मात्याचा भाव, आणि भाग आज दुकानात आहे की नाही. तिसरा रकाना सगळ्यात बोलका. जुना नंबर बंद होऊन नवा आला असेल तर काळजी नाही. ‘उत्पादन बंद’ असा शेरा कॉम्प्युटरपुढे किंवा गिअरकेसपुढे दिसला, तर ते इंजिन त्या एका भागाच्या आयुष्यावर जगतंय असं समजा.

बाहेरचा भाग चालतो का? सिएरा कंपनीचे इम्पेलर, फिल्टर, इग्निशनचे भाग, बार कंपनीचे मॅनिफोल्ड हे वर्षानुवर्षं वापरात आहेत. इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर, हाय-प्रेशर पंप यांत मात्र मी कंपनीचाच भाग धरून हिशेब करतो.

आणि एक गोष्ट ठामपणे. बोटीच्या इंजिनाचे पिस्टन गाडीसारखे असले तरी स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, फ्युएल पंप गाडीचे लावायचे नाहीत. बोटीसाठीचे हे भाग ठिणगी बाहेर पडू नये अशा पद्धतीने बंदिस्त केलेले असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि गाडीच्या स्टार्टरची एक ठिणगी पुरते. बोट बघताना गाडीचा अल्टरनेटर लावलेला आढळला, तर मालकाने आणखी कुठे कुठे पैसे वाचवले असतील याचा अंदाज बांधा.

२०१० पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पेट्रोल स्टर्नड्राइव्ह आणि इनबोर्डना प्रदूषणाच्या नियमांमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर आले. इंजिन स्वच्छ चालतं, पण एक्झॉस्टचे भाग आधीच्यापेक्षा फार महाग. नवी म्हणजे स्वस्तात सांभाळली जाणारी, हे गणित इथे उलटतं.

पायरी ४: थंड इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा ब्लॉकवर हात ठेवा. कोमट लागला तर थंड असताना सुरू व्हायला ते त्रास देत असावं.

मग डोळ्यांनी. सिलिंडर हेडजवळचा रंग फुगला किंवा करपला असेल तर इंजिन कधीतरी तापलंय. बाकी सगळं मळकट आणि इंजिन तेवढं ताजं रंगवलेलं असेल तर रंगाखाली काय आहे ते विचारा. पाणी गोठणाऱ्या प्रदेशातली बोट असेल तर ब्लॉकच्या बाजूंवर एपॉक्सी किंवा वेल्डिंगची रेघ शोधा: हिवाळ्यात पाणी काढून न टाकलेलं इंजिन तिथेच तडकतं.

तेलाची काडी काढा. दुधट तेल म्हणजे आत पाणी. पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास म्हणजे इंधन तेलात उतरतंय, काही फोर-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये हा आजार दिसतो. मग गिअरकेसचा खालचा स्क्रू थोडा सैल करून चार थेंब बोटावर घ्या. आधी पाणी आलं किंवा तेल कॉफीसारखं असेल तर सील गेले आहेत. सील स्वस्त असतात, पण पाण्यात किती दिवस गिअर फिरले हे कुणी सांगू शकत नाही. स्क्रूच्या चुंबकावर बारीक करडा लेप चालतो, नखाएवढे तुकडे चालत नाहीत.

खाऱ्या पाण्यातल्या स्टर्नड्राइव्हला सगळ्यात मोठा गुप्त खर्च मॅनिफोल्ड आणि रायझरचा. समुद्राचं पाणी थेट त्यांतून फिरतं, ते आतून झिजतात, आणि साधारण ५ ते ७ वर्षांत बदलायचे असतात. गोड्या पाण्यात ते खूप जास्त टिकतात. न बदलल्यास भोक पडून पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. तेव्हा ‘मॅनिफोल्ड कधी बदलले?’ याला उत्तर पावतीसह हवं. पावती नसेल तर ते बदलायचेच आहेत असं धरून किंमत लावा.

रबरी बेलोजचंही तसंच. ड्राइव्ह एका बाजूला पूर्ण वळवून रबराच्या घड्या टॉर्चने बघा. तिथली चीर म्हणजे पाण्यात उभी बोट बुडू शकते. फिरवताना गुरगुर ऐकू आली तर गिंबल बेअरिंग.

आउटबोर्ड असेल तर त्याचा पाय धरून वरखाली हलवा आणि ट्रान्समकडे बघा. भिंत वाकताना दिसली तर आतलं लाकूड कुजलंय, आणि मग इंजिनाची चर्चाच थांबते.

पायरी ५: आकडे

इथून पुढे मेकॅनिक सोबत असावा. बोटीचा ढाचा तपासणारा सर्व्हेअर सहसा इंजिनात शिरत नाही, ती दोन वेगळी कामं आहेत.

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजताना, एकट्या आकड्यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या १० टक्क्यांत आहेत का, हे महत्त्वाचं. एक सिलिंडर खाली असेल तर लीक-डाउन टेस्ट करून हवा कुठून सुटते ते शोधतात: रिंगमधून, व्हॉल्व्हमधून की हेड गास्केटमधून. डिझेल असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवणं जास्त उपयोगी. लोखंड, तांबं, सोडियम यांचं प्रमाण आतली झीज आणि समुद्राचं पाणी दोन्ही दाखवून देतं.

इंजेक्शनच्या इंजिनांना बाहेरून तपासणीचा कॉम्प्युटर जोडता येतो. त्यातून एकूण तास, कुठल्या आरपीएमला किती तास, आणि जुने एरर निघतात. तासांबद्दल लोक उगाच घाबरतात. हौशी बोट वर्षाला ५० ते १०० तास चालते. पेट्रोल इनबोर्ड १००० ते १५०० तासांत मोठं काम काढतं, डिझेल कित्येक पट टिकतं, असा ढोबळ अंदाज आहे. वीस वर्षांत दोनशेच तास चाललेलं इंजिन मला मात्र संशयास्पद वाटतं. उभ्या बोटीत सील सुकतात, इंधन कुजतं, पाण्याच्या वाटा गंजतात. नेमाने चाललेलं आणि नोंदी ठेवलेलं हजार तासांचं आउटबोर्ड त्यापेक्षा बरं.

टायमिंग बेल्ट की चेन, हेही इथेच विचारा. सुझुकीच्या मोठ्या फोर-स्ट्रोकमध्ये तेलात बुडालेली चेन असते. यामाहाच्या बऱ्याच इंजिनांत बेल्ट असतो, आणि तो ठरावीक तासांनी किंवा वर्षांनी बदलायचा असतो. त्याची पावती मागा.

पायरी ६: पाण्यावर

होजने पाणी देऊन जमिनीवर सुरू केलेलं इंजिन काहीच सिद्ध करत नाही. त्याच्यावर भारच नसतो. पाण्यातली चाचणी नाकारली गेली तर मी पुढे बोलत नाही.

पेट्रोलचं आतलं इंजिन असेल तर सेल्फ मारण्याआधी ब्लोअर (तळाची वाफ बाहेर काढणारा पंखा) किमान चार मिनिटं चालवा. सुरू झाल्यावर कूलिंगच्या पाण्याची धार बघा. पंधरा-वीस मिनिटं मध्यम वेगाने गेल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काही मिनिटं तसाच ठेवा. बरीच दुखणी इथेच बाहेर येतात. आरपीएम मॅन्युअलमधल्या पट्ट्यात गेले पाहिजेत. फोर-स्ट्रोक आउटबोर्डांचा पट्टा साधारण ५००० ते ६००० च्या आसपास, जुन्या कार्ब्युरेटरच्या स्टर्नड्राइव्हचा ४४०० ते ४८०० च्या घरात. तिथवर पोचलं नाही तर लगेच इंजिनाला दोष देऊ नका, आधी प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल ते माप, बघा. एक इंच पिच बदलला की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो.

तापमानाचा काटा स्थिर हवा. समुद्राचं पाणी थेट फिरवणाऱ्या इंजिनाला थर्मोस्टॅट ६० अंश सेल्सिअसच्या आसपासचा असतो, कारण त्याहून गरम झालं की क्षार आत बसू लागतात. बंद कूलिंगच्या, म्हणजे कूलंट आतल्या आत फिरवणाऱ्या, इंजिनात तो ७० च्या वर असतो. हळू चालताना ठीक आणि वेगात चढणारा काटा म्हणजे पाणी कमी पडतंय: नशीब असेल तर इम्पेलर, नसेल तर तुंबलेले रायझर. डिझेलचा काळा धूर म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे तेल जळतंय.

परत आल्यावर गरम इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. उष्णतेने इंधनाची वाफ धरणारी इंजिनं इथे नाटकं करतात.

पायरी ७: किंमत लावणं

आता यादी पुन्हा काढा आणि तीन ढीग करा. जे आज मोडलेलं आहे, ते पूर्ण खर्चाने, मजुरीसकट, किमतीतून वजा. ज्याची वेळ भरली आहे पण पावती नाही (इम्पेलर, बेलोज, मॅनिफोल्ड, बेल्ट), तेही वजा. विकणारा ‘आत्ता चालतंय ना’ म्हणेल, तेव्हा यादीच पुढे ठेवा. तिसरा ढीग अचानक जाणाऱ्या भागांचा. त्यातला सगळ्यात महाग एक भाग निवडा आणि तेवढी रक्कम बोट घेतल्यानंतर हातात उरते का ते बघा. उरत नसेल तर ही बोट सध्या तुमच्या आवाक्याबाहेर आहे, तिचा भाव कितीही कमी असो.

दोन इंजिनं असतील तर सगळे आकडे दुप्पट. जुन्या जोडीच्या इनबोर्डमध्ये कधीकधी एक इंजिन उलट दिशेने फिरणारं असतं. त्याचा स्टार्टर, कॅमशाफ्ट, काही सील वेगळे असतात, ते भाव वेगळे काढा.

विसार द्यायचाच झाला तर तो पाण्यातली चाचणी आणि मेकॅनिकचा अहवाल समाधानकारक असेल या अटीवर, लेखी द्या. बोट ताब्यात आल्यावर जुन्या मालकाच्या तारखांवर न जाता इंजिन ऑईल, गिअर ऑईल, फिल्टर, इम्पेलर एकदम बदला आणि तासांची वही सुरू करा. वीसेक तास चालल्यावर गिअर ऑईलचे चार थेंब पुन्हा काढून बघा. विकण्याआधी घाईने भरलेलं स्वच्छ तेल तेवढ्या वेळात खरं काय ते सांगतं.